बाबागाडी कोणी उचलायची?

परदेशातील एखादे महानगर पाहावयास निघालेल्या कुटुंबाला उपदेशाची वाण कधीच पडत नाही. बरोबर दीड-दोन वर्षांचे मूल असेल तर हा उपदेश अधिकच उदंड होतो. हलकी, एका हाताने मिटणारी बाबागाडी घ्या. गर्दीच्या वेळा टाळा. भुयारी रेल्वेच्या नादी न लागता टॅक्सी करा. भाडे दुप्पट पडले तरी मुक्काम मध्यवस्तीतच ठेवा. व्यवहार म्हणून यातील एकही वाक्य खोटे नाही, आणि म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे. या साऱ्या सल्ल्याचा मथितार्थ एकच आहे : शहर आहे तसेच राहणार, बदलावयाचे ते आईबापांनी. उणीव सार्वजनिक, परंतु तिचे निवारण खाजगी खिशातून करावयाचे. आणि खिसा रिकामा असेल तर खाजगी खांद्यावरून.

हा विषयच अनेक कार्यकर्त्यांना चैनीचा वाटेल. ज्या देशात असंख्य बालकांना पुरेसे दूध मिळत नाही, तेथील चळवळीने न्यूयॉर्क-लंडनला फिरावयास गेलेल्यांच्या बाबागाडीची चिंता का वाहावी? प्रश्न रास्त आहे. परंतु पाहुणा आठ दिवसांनी परततो. जिना तेथेच राहतो. दुसऱ्याचे मूल सांभाळून पोट भरणारी दाई, कचेऱ्यांची पहाटेची सफाई आटोपून स्वतःच्या मुलाला पाळणाघरात पोहोचविणारी स्थलांतरित स्त्री, गुडघे धरलेला वृद्ध कामगार यांना तोच जिना रोज चढावा-उतरावा लागतो. पाहुण्याला जे आठ दिवस जाचते, ते त्यांचे वर्षानुवर्षांचे जिणे असते. आणि या दोहोंच्या मध्ये एक तिसरी व्यक्ती आहे, तिची ओळख महाराष्ट्राला चांगली आहे. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी गेलेली आणि नातवंड सांभाळण्यासाठी सहा-सहा महिने न्यू जर्सीत वा लंडनच्या उपनगरात राहणारी पुण्या-नाशिकची आजी ही ना पर्यटक, ना रहिवासी. तिच्या श्रमाला वेतन नाही, तक्रारीला दाद नाही. बाबागाडी मात्र तीच ढकलते.

या गाडीचा इतिहासही बोलका आहे. ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान-अभियंत्याने स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केले होते. तेच कसब वापरून त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी तयार केली आणि १९६५ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. गाडीचे वजन तीन किलोच्या आत होते. त्यापूर्वीच्या गाड्या म्हणजे मोठ्या चाकांचे अवजड रथच. नव्या गाडीने असंख्य स्त्रियांना घराबाहेर पडणे सुकर केले, हे श्रेय निःसंशय त्या अभियंत्याचे. परंतु समाजाने त्या शोधातून जो धडा घेतला तो सोयीस्कर होता. शहराचे दार रुंद करावयाचे नव्हते, म्हणून गाडी अरुंद केली गेली. गाडी मिटते, मूल मिटत नाही. जिन्याच्या तोंडाशी दहा-बारा किलोचे झोपलेले मूल एका हातावर, मिटलेली गाडी दुसऱ्या हातात आणि दुधाच्या बाटल्यांची पिशवी खांद्याला, असा हा प्रगत तंत्रज्ञानाचा अंतिम मुक्काम असतो.

जगातील भांडवलाची राजधानी म्हणून मिरविणाऱ्या न्यूयॉर्कचे उदाहरण घ्यावे. तेथील भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली. आज तिची ४७२ स्थानके आहेत आणि ती अहोरात्र चालते. अपंग नागरिकांना समान प्रवेशाचा हक्क देणारा कायदा अमेरिकेत १९९० साली झाला. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, २०२२ साली, रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरीविना जाता येईल अशी स्थानके होती जेमतेम चतुर्थांश. त्यांतही लिफ्ट बंद असली तर प्रवाशाने पुढच्या स्थानकावर उतरावे आणि उलट यावे. बसचा मार्ग मोकळा होता असेही नाही. २०२२ पर्यंत त्या शहरातील बसमध्ये मुलाला उचलून घेऊन गाडी मिटविल्याखेरीज प्रवास करता येत नसे. पालकांच्या रेट्यानंतर त्या वर्षी काही मार्गांवर उघडी बाबागाडी नेण्याचा प्रयोग सुरू झाला.

रेल्वे जुनी आहे, त्या काळी असा विचार नव्हता, ही सबब नेहमीच पुढे केली जाते. ती अर्धीच खरी आहे. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ची, पॅरिसची १९००ची. त्यांच्या जन्मकाळाबद्दल त्यांना कोणी दोष देत नाही. दोष आहे तो नंतरच्या निर्णयांचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील रेल्वे १९७२ साली आणि वॉशिंग्टनची १९७६ साली सुरू झाली; लढ्याच्या आणि न्यायालयाच्या दबावामुळे तेथे लिफ्ट बसल्या. म्हणजे अर्ध्या शतकापूर्वीच ही गोष्ट शक्य आहे हे सिद्ध झाले होते. उलट, एकविसाव्या शतकात अब्जावधी पौंड खर्चून लंडनने जी नवी एलिझाबेथ लाइन बांधली, तिच्या मूळ आराखड्यात सात स्थानके पायऱ्यांचीच राहावयाची होती. अपंगांच्या संघटनांनी गदारोळ केला तेव्हा कोठे २०१४ साली त्या स्थानकांसाठी पैसा मंजूर झाला, आणि २०२२ साली ती रेल्वे सुरू झाली तेव्हा सर्व ४१ स्थानके पायरीमुक्त ठरली. जुनेपणाची सबब नव्या बांधकामालाही लावता येते, हे या प्रकरणाने उघड केले. सबब काळाची नव्हतीच. ती अग्रक्रमाची होती.

दुसरी सबब खर्चाची. जुन्या स्थानकात लिफ्ट बसविण्यास कोट्यवधी डॉलर लागतात हे खरे आहे. परंतु हिशेब मांडावयाचा तर पुरता मांडावा. आईने गाडी आणि मूल उचलून जिना चढला, तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या खात्यात त्या श्रमाची नोंद शून्य. लिफ्ट नाही म्हणून तिने टॅक्सी केली, तर भाड्याच्या रकमेने राष्ट्रीय उत्पन्न वाढले. जिन्यावर पाय मुरगळून ती डॉक्टरकडे गेली, तर ते आणखी वाढले. ज्या हिशेबात सार्वजनिक उणीव ही संपत्ती ठरते आणि स्त्रीचे कष्ट शून्य ठरतात, त्या हिशेबाच्या आधारे लिफ्ट परवडत नाही असे सांगणे हे अर्थशास्त्र नव्हे. हितसंबंधांची वकिली आहे. लिफ्ट नसतानाही खर्च होतच असतो. तो अंदाजपत्रकात न दिसता स्त्रियांच्या कमरेत आणि म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांत दिसतो, इतकेच.

पैसा कोठून आणावयाचा या प्रश्नाचे एक उत्तर न्यूयॉर्कमध्येच सापडले होते. मॅनहॅटनच्या दक्षिण भागात शिरणाऱ्या मोटारींवर कर बसवावा आणि त्या उत्पन्नाच्या तारणावर १५ अब्ज डॉलर उभारून सार्वजनिक वाहतूक सुधारावी, अशी ती योजना. सर्व सिद्धता झाली असताना जून २०२४ मध्ये राज्याच्या गव्हर्नरांनी ती रोखली, आणि लिफ्टची अनेक कामे तत्काळ लांबणीवर पडली. अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी कर सुरू झाला, तो १५ डॉलरवरून ९ डॉलरवर उतरवून. मोटार बाळगणाऱ्याच्या नाराजीचा आवाज सत्तेच्या कानी किती लवकर पोहोचतो, आणि जिन्यावरच्या बाईचा किती उशिरा, याचा याहून स्पष्ट दाखला शोधण्याचे कारण नाही.

जे काही मिळाले ते कोणी मिळविले हेही विसरता कामा नये. १९७७ सालच्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी कचेरीत अपंग स्त्री-पुरुषांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला. १९९०च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनला संसदेच्या पायऱ्या त्यांनी चाकाच्या खुर्च्या खाली ठेवून हातांनी सरपटत चढून दाखविल्या. आज पदपथाच्या कडेचा जो उतार बाबागाडी सहज उतरते, तो या लोकांच्या झुंजीचे फळ आहे. लढले अपंग, लाभ झाला तो मुलाच्या आईला, हातगाडी ओढणाऱ्या हमालाला आणि काठी टेकणाऱ्या वृद्धालाही. दुर्बलातील दुर्बलासाठी केलेली सोय सर्वांची होते. सबलासाठी केलेली सोय मात्र सबलापुरतीच राहते.

न्यूयॉर्कच्या वाहतूक प्राधिकरणाने तडजोड मान्य केली ती २०२२ साली, दीर्घ कोर्टबाजीनंतर. उरलेल्या स्थानकांपैकी ९५ टक्के स्थानके सर्वांना खुली होतील, असे वचन त्यात आहे. मुदत आहे २०५५. त्या वर्षी बाबागाडीत बसलेले दोन वर्षांचे मूल तेव्हा पस्तीस वर्षांचे असेल, आणि बहुधा स्वतःच्या मुलाची गाडी ढकलत असेल. भांडवलशाहीला चंद्रावर माणूस उतरविण्यास एक दशक पुरले. फलाटावर बाबागाडी उतरविण्यास दोन पिढ्या लागतात.

ही दिरंगाई केवळ गैरसोय करून थांबत नाही. ती दुर्बलांना एकमेकांवर घालते. इंग्लंडमध्ये २०१२ साली डग पॉली हे चाकाच्या खुर्चीतील गृहस्थ बसमध्ये चढू शकले नाहीत. त्यांच्यासाठी राखलेल्या जागेत एका बाईची बाबागाडी होती, तीत मूल झोपले होते आणि गाडी मिटत नाही असे तिचे म्हणणे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नुसती विनंती करून वाहनचालकाची जबाबदारी संपत नाही, त्याने आणखी आग्रह धरला पाहिजे, असा निर्णय २०१७च्या जानेवारीत लागला. जागेवर पहिला हक्क अपंगाचाच, यात शंका नाही. ती जागा अपंगांनी झगडून मिळविलेली आहे. परंतु वृत्तपत्रांतून 'खुर्ची विरुद्ध बाबागाडी' असा जो सामना रंगविण्यात आला, त्यात एक प्रश्न हरवला : संपूर्ण बसमध्ये अशी जागा एकच का? दोन गरजवंतांना एका कोपऱ्यासाठी भांडावयास लावून कोपरा लहान ठेवणारा नामानिराळा राहतो. हा खेळ कामगार चळवळीला नवा नाही.

मग दुसरा मार्ग आहे काय? आहे, आणि तो श्रीमंतीतून निघालेला नाही. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना हे भुकेने आणि क्षयाने गांजलेले शहर होते. १९१९ ते १९३४ या काळात तेथील समाजवादी नगरपालिकेने ह्यूगो ब्राइटनर यांच्या अर्थनीतीनुसार मोटारी, घरगुती नोकर आणि शर्यतीचे घोडे यांवर कर बसविले, १९२३ साली चढत्या दराचा गृहनिर्माण कर लावला आणि त्यातून साठ हजारांवर घरे बांधली. १९३०च्या कार्ल-मार्क्स-होफमध्ये धुलाईघरे, स्नानगृहे आणि बालवाड्या होत्या, आणि मुलांना खेळावयास विस्तीर्ण अंगणे होती. मुलाचे संगोपन ही आईची खाजगी बाब नसून नगराची जबाबदारी आहे, हे तत्त्व तेथे विटांत बांधले गेले. १९३४च्या फेब्रुवारीत फॅसिस्टांच्या तोफांनी त्या भिंती फोडल्या. विचार फुटला नाही. १९९१ साली त्याच शहरात सार्वजनिक जागा कोणाची, असा प्रश्न विचारणारे छायाचित्र-प्रदर्शन एवा काइल यांनी आणि त्यांच्या सहकारी स्त्रीने भरविले. स्त्रियांचा दिवस मोटारीने कचेरीत आणि कचेरीतून घरी असा सरळ जात नाही. तो बालवाडी, बाजार, दवाखाना, म्हाताऱ्या आईचे घर असा वळणावळणाने आणि पायी जातो, हे शहराला दिसू लागले. मारियाहिल्फ विभागात पदपथ रुंद झाले आणि जिन्यांच्या जोडीला उतार आले. आज तेथील भुयारी रेल्वेचे प्रत्येक स्थानक बाबागाडीला खुले आहे. हेलसिंकीने तर कित्येक वर्षे बाबागाडीतील मुलाबरोबरच्या प्रौढाला तिकीटच लावले नाही. मुलाला मध्येच सोडून तिकिटासाठी पुढे जाणे धोक्याचे, एवढा साधा विचार त्यामागे होता.

परदेशवारीहून परतणारे आपले सुशिक्षित 'तिकडे सगळे कसे सोयीचे' असे सांगतात, किंवा 'तिकडेही हालच' असे म्हणून समाधान मानतात. दोन्ही निष्कर्ष उथळ आहेत. न्यूयॉर्क व्हिएन्नाहून गरीब नाही. फरक संपत्तीचा नसून ती कोणाच्या सोयीसाठी खर्च होते याचा आहे. मुंबई, पुणे, नागपूर येथे मेट्रो आल्या. त्यांच्या स्थानकांत लिफ्ट आहेत. परंतु स्थानकापर्यंत नेणारा पदपथ कोठे उखडलेला, कोठे मोटारींनी बळकावलेला असतो, आणि म्हणून बाबागाडी ही बागेपुरती हौस ठरून मूल कडेवरच राहते. भारतात २०१६ साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. सुगम्यतेचे निकष ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले. हे हत्यार हाती आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी नगरपालिकेच्या प्रत्येक आराखड्याला एकच कसोटी लावावी. एका बाजूला चाकाची खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला बाबागाडी, दोन्ही एकाच वेळी, कोणाच्याही मदतीची याचना न करता घरापासून दवाखान्यापर्यंत जाऊ शकतात काय? उत्तर नकारार्थी असेल तर तो विकास नव्हे, मोटारवाल्यांना दिलेले अनुदान आहे, असे जाहीर सभेत सांगावे. पुलाची निविदा निघण्याआधी पदपथाची मागणी नोंदवावी, आणि ती नोंदविताना अपंगांच्या संघटना, अंगणवाडी सेविका आणि हातगाडीवाले यांना एका मोर्चात आणावे. त्यांचे ओझे निरनिराळे दिसते. पायरी एकच आहे.