भाडेकरूची पारख की आडनावाची?

निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पुंजीतून एखाद्या कारकुनाने वा शिक्षिकेने पुण्याच्या कडेला दोन खोल्यांची सदनिका घ्यावी आणि ती भाड्याने देण्याची वेळ येताच झोप उडावी, हा अनुभव मध्यमवर्गात आता सार्वत्रिक झाला आहे. भाडे वेळेवर येईल का? मुदत संपल्यावर जागा सुटेल का? हे प्रश्न रास्त आहेत. ज्यांचे औषधपाणी त्या भाड्यावर चालायचे, त्यांना ‘भांडवलदार’ म्हणून हिणवण्यात कसलेही पुरोगामित्व नाही. संताप यावा तो या प्रश्नांना मिळणाऱ्या उत्तराचा.

दलाल आणि सोसायटीची कार्यकारिणी यांनी ते उत्तर आधीच तयार ठेवलेले असते. आडनाव विचारा, ताटात काय असते ते विचारा. मुसलमान नको, दलित नको, एकटी बाई तर नकोच. एवढे गाळून जो उरेल तो ‘विश्वासू’! भाडे आडनावातून येते की पगारातून? महापालिकेतील कायम सफाई कामगार आणि कर्जात बुडालेला ‘चांगल्या घरातला’ व्यापारी, यांपैकी दरमहा नेमाने भाडे कोण भरील, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. शिवाय जितके लोक गाळावे तितके महिने घर रिकामे राहते, आणि रिकाम्या महिन्याचे भाडे कोणीही भरून देत नाही. 2011च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे 1 कोटी 10 लाख घरे रिकामी आढळली होती. ती सारीच या सोवळेपणाने ओस पडली असे नव्हे. पण घर शोधत वणवण करणाऱ्यांच्या देशातला हा आकडा आहे.

जागा बळकावली जाण्याच्या भीतीला इतिहास आहे. 1947च्या मुंबई भाडे कायद्यातील दुरुस्तीने, 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू करारावर राहत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. मालकांनी धसका घेतला तो तेव्हा. परंतु 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने चित्र पालटले. परवान्याची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई घेता येते, आणि ताब्यासाठी दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. मात्र करार लेखी आणि नोंदलेला हवा. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी टळते, हा समज महाराष्ट्रात साफ खोटा आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि वाद उद्भवला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य. थोडे शुल्क वाचवायला जाऊन मालक आपले कवच आपणच फेकून देतो आणि मग ‘लोक बेइमान झाले’ म्हणून उसासे टाकतो!

पारख जरूर करावी. पगाराची पावती पाहावी, भाडे पगाराला झेपेल का हे मोजावे, पूर्वीच्या घरमालकाकडे चौकशी करावी. अनामत मात्र बेताची घ्यावी. ती फुगवली की प्रामाणिक पगारदार उंबरठ्यावरूनच परततो.

आपले कित्येक कार्यकर्ते आज अशाच सोसायट्यांचे सभासद आहेत. सामाजिक समतेवर व्याख्याने देऊन रात्री घरी परतणारी ही मंडळी, वार्षिक सभेत ‘अमक्यांना जागा देऊ नये’ असा विषय निघताच घड्याळाकडे का पाहू लागतात? असा ठराव कोणत्या उपविधीखाली आणला, एवढे तरी अध्यक्षांना उभे राहून विचारावे, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.