फाट्यावरचा डॉक्टर नेमका कोणाचा?

देवगाव फाटा (जि. परभणी) : जालन्याहून मंठामार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता येऊन मिळतो, तो हा फाटा. मराठवाड्यातील कोणत्याही फाट्यावर दिसते तेच इथेही दिसते. चहाची हॉटेले, कृषी सेवा केंद्रे, पंक्चरची दुकाने, मेडिकल आणि दवाखान्याची पाटी. आसपासच्या खेड्यातील माणूस तापाने फणफणला, की तालुक्याचा विचार मनात येण्याआधी त्याचे पाय फाट्याकडे वळतात.

अशा फाट्यांवरचे दवाखाने सगळीकडे सारखेच. एका खोलीत तपासणी, पडद्याआड सलाईनची खाट, बाहेर बाकडे. तपासणी, गोळ्या आणि इंजेक्शन मिळून एकच रक्कम, तीही पुष्कळदा कापूस किंवा सोयाबीन विकले जाईपर्यंत उधार. रात्री दार वाजले तर डॉक्टरच उठतो. रुग्ण सेलूला न्यायचा, परभणीला न्यायचा की थेट जालना गाठायचे, हेही त्यालाच ठरवावे लागते. तो आजारी पडला किंवा लग्नकार्याला गेला, की त्या दिवशी दवाखान्याला कुलूप. ग्रामीण भागातील उपचाराची पहिली पायरी ही अशी एकट्या माणसावर उभी आहे, आणि राज्याच्या आरोग्यविषयक आराखड्यात तिला जागाच नाही.

आराखड्यात जे आहे ते सरकारी आहे. भोर समितीने १९४६मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. पुढे सपाट प्रदेशात ३० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र आणि ५ हजारांमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५पासून गावोगावी आशा कार्यकर्ती दिली. आयुष्मान भारत योजनेने २०१८पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर करून तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले. या केंद्रांना २०२३मध्ये आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव मिळाले. हा अधिकारी ई-संजीवनीच्या पडद्यावरून दूरच्या डॉक्टरशी बोलून रुग्णाला सल्ला मिळवून देऊ शकतो. फाट्यावरच्या खासगी डॉक्टरला अशी अधिकृत सोय नाही. अडले तर तो ओळखीच्या तज्ज्ञाला फोन लावतो, आणि रुग्ण आपल्याकडेच येईल, ही त्या तज्ज्ञाची न बोललेली अपेक्षा असते.

विम्याचेही तसेच. राज्याची जीवनदायी योजना २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३मध्ये राज्यभर गेली आणि २०१७मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राची योजना २०१८मध्ये आली. दोन्हींचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर. म्हणजे मधुमेह इतका वाढला की पाय कापावा लागला, तर शासन खर्च उचलते. पण तो वाढू नये म्हणून दर महिन्याला साखर तपासणाऱ्या खासगी डॉक्टरच्या कामाला या हिशेबात छदामही नाही.

तीन परिषदा, एक बाजारपेठ

फाट्यावरचा किंवा तालुक्याच्या बाजारपेठेतला हा डॉक्टर बहुधा एमबीबीएस नसतो. तो बीएएमएस असतो किंवा बीएचएमएस. एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी बसणाऱ्या तिघांची नोंदणी तीन ठिकाणी असते. एमबीबीएसची महाराष्ट्र वैद्यक परिषदेत, आयुर्वेद पदवीधराची भारतीय चिकित्सा परिषदेत आणि होमिओपॅथची होमिओपॅथी परिषदेत. संघटनाही वेगळ्या. रुग्ण मात्र तोच, आणि तिघांकडून त्याची मागणीही तीच : लवकर बरे करा, मजुरी बुडते आहे.

कोणी कोणते औषध लिहावे, हा वाद जुना आहे. राज्य शासनाने १९९२मध्ये काही प्रवर्गांतील आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. मुंबईतील एका रुग्णाच्या मृत्यूप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा ठरवला. १९९८च्या निकालात याच न्यायालयाने, राज्याच्या कायद्याने अधिकार दिला असेल तरच अन्य शाखेच्या वैद्याला आधुनिक औषधे देता येतील, असा मार्ग दाखवला. त्यानंतर २०१४मध्ये कायदा दुरुस्त करून होमिओपॅथांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आला. तो उत्तीर्ण झालेल्यांची वैद्यक परिषदेत नोंद करण्यावरून २०२५मध्ये भडका उडाला. परिषदेने जुलैत नोंदणीचे पाऊल उचलले, विरोधानंतर ते रोखले गेले, सप्टेंबरमध्ये शासनाने स्वतंत्र नोंदवहीचा निर्णय काढला आणि १८ सप्टेंबरला इंडियन मेडिकल असोसिएशनने राज्यात बंद पुकारला.

असोसिएशनचा आक्षेप पोकळ नाही. एका वर्षात औषधशास्त्र शिकता येते, रोगनिदानाची साडेपाच वर्षांची घडण त्यात येत नाही. दुसऱ्या बाजूचा प्रश्नही तितकाच खरा आहे : एमबीबीएस झालेला तरुण फाट्यावर दवाखाना टाकायला येतो का? तो पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीला लागतो, हे उघड गुपित आहे. पण या सगळ्या गदारोळात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली. परवाना द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे. परवाना मिळाल्यानंतर पुढची तीस वर्षे त्या डॉक्टरला कोण शिकवणार, कोण विचारणार, चुकला तर वेळीच कोण सांगणार, यावर कोणी बोलले नाही.

एकट्या डॉक्टरला कोणी विचारत नाही, तेव्हा त्याला बाजार विचारतो. रुग्ण पाठवल्याबद्दल तज्ज्ञाकडून किंवा तपासणी केंद्राकडून मिळणारा वाटा, म्हणजे 'कट', हा त्यातलाच प्रकार. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी एका निदान केंद्राकडून आलेला असा धनादेश परत करून २०१३च्या सुमारास वैद्यक परिषदेकडे तक्रार केली, तेव्हा या व्यवहाराची उघड चर्चा झाली. राज्याने २०१७मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कायद्याचा मसुदाही तयार झाला; कायदा झाला नाही. कट घेणे वाईटच. परंतु रुग्णाला योग्य वेळी पुढे पाठवणे, चिठ्ठीत नीट नोंद करणे, परत आल्यावर त्याचा पाठपुरावा करणे, या कामाचा मोबदला देणारी कोणतीही सरळ वाट व्यवस्थेने ठेवलेली नाही, हेही तितकेच खरे.

करोनाकाळात हा दुरावा सर्वांत ठळकपणे दिसला. मार्च २०२०च्या अखेरीस नवी मुंबई महापालिकेने एका खासगी आयुर्वेद पदवीधराला दवाखाना सुरू ठेवण्याची नोटीस दिली. त्यांनी तो सुरू ठेवला आणि जूनमध्ये करोनाने त्यांचा मृत्यू झाला. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या ५० लाखांच्या विम्यासाठी पत्नीने केलेला दावा, त्यांची सेवा शासनाने अधिग्रहित केली नव्हती, या कारणाने नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयानेही मार्च २०२१मध्ये तेच मानले. डिसेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दृष्टिकोन बदलला. त्या काळातील कायदे आणि आदेश पाहता डॉक्टरांच्या सेवा मागवल्या गेल्याच होत्या, प्रत्येक दावा मात्र पुराव्यावर तपासला जाईल, असे न्यायालयाने म्हटले. संकटात 'दवाखाना उघडा ठेवा' असे बजावणारे शासन त्या डॉक्टरला आपला मानते का, हे ठरायला साडेपाच वर्षे लागली.

क्षयरोगाने दाखवलेली वाट

खासगी डॉक्टर आणि शासन यांची सांगड घालताच येत नाही, असे मात्र नाही. मुंबईतच ती घातली गेली आहे. क्षयरोग्यांचा मोठा हिस्सा आधी खासगी दवाखान्यात जातो आणि तिथे त्याची नोंद होत नाही, हे लक्षात आल्यावर २०१२मध्ये नोंदणी सक्तीची झाली. नुसत्या सक्तीने फारसे हलले नाही. मग २०१४पासून मुंबई महापालिकेने 'पाथ' या संस्थेच्या मदतीने वस्त्यांमधील खासगी डॉक्टरांचे जाळे विणले. त्यात एमबीबीएस होते, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधरही होते. संशयित रुग्णाला खासगी केंद्रात मोफत तपासणी आणि खासगी औषध दुकानात मोफत औषध मिळेल, असे व्हाउचर डॉक्टर देत असे. रुग्ण त्याच्याकडेच राहत असे. औषध सुटू नये यासाठी पाठपुरावा संस्थेचे कार्यकर्ते करत. रुग्ण हातचा जाण्याची भीती संपल्यावर नोंदणी वाढली. पुढे देशभर नोंदणीसाठी ५०० आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर आणखी ५०० रुपये, असे मानधन ठरले.

यातला धडा पैशांपुरता नाही. डॉक्टरची पदवी न बदलता, त्याला कामगिरी नेमून दिली गेली. अमुक लक्षण दिसले तर अमुक तपासणी, निकाल आला तर अमुक औषध, आणि शंका असेल तर विचारायला माणूस. सरकारी केंद्रांत उच्च रक्तदाबासाठी असेच घडले. देशातील उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सुरुवातीला राज्यातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. मोजकी ठरलेली औषधे, ठरलेली मात्रा, महिन्याभराची गोळी एकदम आणि न आलेल्या रुग्णाचा शोध, एवढ्या साध्या शिस्तीवर तो उभा आहे. या शिस्तीला सरकारी इमारतच हवी, असे कुठे आहे?

ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टर १९४८पासून राष्ट्रीय सेवेशी करारबद्ध आहे. त्याला नोंदलेल्या माणसांमागे पैसे मिळतात, आजाऱ्यांमागे नव्हे. वेल्समधील खाणगाव ग्लिनकोरग येथे ज्युलियन ट्युडर हार्ट या डॉक्टरने गावातील प्रौढांचे रक्तदाब मोजून ठेवले, कारण संपूर्ण गाव त्याच्या यादीत होते. गरज जिथे जास्त तिथेच चांगली सेवा कमी, हे त्याने १९७१मध्ये मांडलेले निरीक्षण मराठवाड्याला वेगळे समजावून सांगायला नको. जुलै २०१९पासून इंग्लंडने शेजारच्या दवाखान्यांचे गट बांधले. प्रत्येक गट साधारण ३० ते ५० हजार लोकांसाठी, आणि औषधतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट असे कर्मचारी सामाईक. खालचा आकडा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचाच आहे, हा योगायोग बोलका आहे.

देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी या कल्पनेचे रूप फार भव्य असण्याची गरज नाही. पदवीनुसार नव्हे तर परिसरानुसार डॉक्टरांचा गट, त्याला जवळच्या ग्रामीण रुग्णालयाची प्रयोगशाळा खुली, मधुमेह-रक्तदाबासाठी लेखी उपचारपद्धती, विचारायला एक नेमलेला तज्ज्ञ आणि पाठपुराव्यावर मानधन. एकाने सुटी घेतली तर दुसरा त्याचे रुग्ण पाहील, इतका विश्वास आधी निर्माण व्हावा लागेल. स्पर्धेत तोच अवघड. बदल्यात डॉक्टरांना नोंदी दाखवाव्या लागतील, मागेल त्याला सलाईन लावण्याची सवय सोडावी लागेल. मानधन रखडले तर गट महिन्यात विस्कटेल. आणि खासगी गट आहेत म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिक्त पदे तशीच ठेवण्याचा मोह शासनाला झाला, तर रुग्णाचे नुकसान दुहेरी होईल. ही शंका अनाठायी म्हणता येणार नाही.

परभणीत २०२३मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पहिली तुकडी अजून शिकत आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रमानुसार एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासून खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवायची असते. विद्यार्थी त्या घरी जातात, वजन घेतात, रक्तदाब मोजतात. त्याच घरातील माणसे आजारी पडल्यावर फाट्यावर ज्या डॉक्टरकडे जातात, त्याला भेटणे या उपक्रमात कुठेही समाविष्ट नाही.