परदेशातला वर्ग विकत घेऊ नका

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला गेलात की कॉलेजच्या ग्रुपवर एक पोस्टर हमखास येतं. निळा समुद्र, हसणारी मुलं, त्यांच्या मधोमध टी-शर्ट घातलेली एक 'टीचर' आणि खाली मोठ्या अक्षरात : 'चार आठवडे परदेशात शिकवा, इंटरनॅशनल सर्टिफिकेट मिळवा. जागा मर्यादित!' फी किती ते पोस्टरवर नसतं. ते फोन केल्यावर कळतं.

मीही फोन केला होता. फॉर्मही भरला होता. एक लाख दहा हजार रुपये, विमानाचं तिकीट वेगळं. बाबा पतसंस्थेतून कर्ज काढायला तयार झाले होते. कॉलेजची सही हवी म्हणून फॉर्म घेऊन मेथडच्या मॅडमकडे गेले. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि एकच विचारलं, "तिथे तुझं टाचण कोण तपासणार गं?"

मला उत्तर देता येईना. संध्याकाळी त्या कोऑर्डिनेटरला फोन करून विचारलं. तो हसला. म्हणाला, "मॅम, लेसन प्लॅन वगैरे काही टेन्शनच नाही. तुम्ही फक्त एन्जॉय करा!"

मी पैसे भरले नाहीत. आमच्याच बॅचमधली एक मैत्रीण मात्र गेली. पहिल्या दिवशी तिथल्या शिक्षिकेने तिच्या हातात खडू दिला आणि त्या स्टाफरूममध्ये निघून गेल्या. समोर पन्नास मुलं. त्यांची भाषा हिला येत नाही, हिची त्यांना. तिने घरून तयार करून नेलेलं इंग्रजी गाणं सुरू केलं, तर मुलांनी ते पुढे स्वतःच म्हणून दाखवलं. कारण दर पंधरा दिवसांनी कुणीतरी नवीन टीचर येते आणि तेच गाणं शिकवून जाते. मुलं त्याच्या पुढे काही गेलेलीच नव्हती.

परत आल्यावर दुसरा धक्का. आधी परवानगी नाही, मार्गदर्शक शिक्षकाची सही नाही, पाठांची नोंद नाही. त्यामुळे ते चार आठवडे कॉलेजने धरलेच नाहीत. राहिलेली इंटर्नशिप तिला पुन्हा करावी लागली. सर्टिफिकेट आहे, फोटो आहेत आणि कर्जाचे हप्तेही आहेत.

हे वाचून 'म्हणजे परदेशात जाऊच नका' असं मी सांगतेय, असं वाटेल. तसं अजिबात नाही. जाच. पण विकत घेतलेल्या जागेवर नको, मागून मिळवलेल्या जागेवर जा. या दोन्हींत पैशांपेक्षा मोठा फरक आहे. विकत घेतलेल्या जागेत तुम्ही गिऱ्हाईक असता. गिऱ्हाइकाच्या चुका कुणी काढत नाही. आणि चुका कुणी काढल्याच नाहीत, तर छात्राध्यापक शिकणार काय?

सुरुवात प्राचार्यांच्या केबिनपासून

आपला बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे त्यात शाळेतली इंटर्नशिप २० आठवड्यांची आहे. पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. ती अभ्यासक्रमाचा भाग आहे, सुट्टीतला छंद नव्हे. म्हणून पहिली पायरी वेबसाइट नाही, प्राचार्यांची केबिन. 'यातले काही आठवडे परदेशातल्या शाळेत केले तर धरणार का? विद्यापीठाची परवानगी लागेल का? कोणते कागद हवेत?' हे लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. तोंडी 'हो, बघू' म्हणजे नाही, असंच समजा.

उत्तर 'नाही' आलं तरी दार बंद होत नाही. इंटर्नशिप इथेच पूर्ण करा आणि सुट्टीत किंवा निकालानंतर तीन-चार आठवडे जादाचे म्हणून जा. खरं तर हा क्रम जास्त चांगला. अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ कित्येक दशकं आपल्या छात्राध्यापकांना परदेशातल्या शाळांमध्ये पाठवतंय. भारतातही पाठवलंय. त्यांची पद्धत बघा : आधी तयारीचा कोर्स, मग स्वतःच्या राज्यात अध्यापन आणि त्यानंतर आठेक आठवडे परदेश. ज्यांच्याकडे पैसा, ओळखी सगळं आहे, तेसुद्धा आधी घरचा फळा गाजवायला लावतात. आपण सूक्ष्म अध्यापनाचे पाठ संपायच्या आत विमानात बसायची घाई का करायची?

शोधायचं कुठे?

तुमचा अभ्यासक्रम ओळखणाऱ्या शाळा आधी शोधा. सीबीएसईशी संलग्न शाळा आखाती देशांत आहेत, सिंगापूरला आहेत, नेपाळमध्येही आहेत. बी.एड. म्हणजे काय, पाठ निरीक्षण म्हणजे काय, हे तिथे समजावत बसावं लागत नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांना थेट ईमेल करा.

ईमेल लांबलचक नको. मी कोण, कोणत्या कॉलेजची, माझे अध्यापन विषय कोणते, कोणत्या इयत्ता शिकवल्यात, कोणत्या तारखांना येऊ शकते, इतकं पुरे. पण दोन वाक्यं विसरू नका. एक : 'मला पहिला आठवडा फक्त निरीक्षण करायचं आहे.' दुसरं : 'माझे पाठ तपासणारा एक अनुभवी शिक्षक मला हवा आहे.' या दोन वाक्यांनी तुम्ही फिरायला येत नाही आहात हे समोरच्याला कळतं. सोबत प्राचार्यांचं पत्र जोडा. वीस ईमेलमधून दोन उत्तरं आली तरी खूप. म्हणून आठ-दहा महिने आधी सुरुवात करा.

मराठी हा अध्यापन विषय असेल तर आणखी एक वाट आहे. मॉरिशसमध्ये शाळेत मराठी शिकवली जाते. मोका इथली महात्मा गांधी इन्स्टिट्यूट १९७० पासून भारतीय भाषांसाठी काम करतेय. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, तिथे पालक सुट्टीच्या दिवशी मुलांना मराठी शिकवतात. लगेच तिकीट काढायला नको. 'मी इथून ऑनलाइन मदत करू का?' असं विचारून बघा. मराठी परकी वाटणाऱ्या मुलाला 'ळ' कसा शिकवायचा, हे एकदा करून बघाच.

आणि पदवीनंतर इंग्रजी शिकवत असाल तर फुलब्राइटचा एफएलटीए कार्यक्रम माहीत असू द्या. त्यात निवड झालेले तरुण शिक्षक सुमारे नऊ महिने अमेरिकेतल्या कॉलेजमध्ये आपली भाषा शिकवतात. भारतातून यासाठी युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन अर्ज मागवतं. कोणत्या भाषा, वय किती, हे त्यांच्या वेबसाइटवर बघा. इथे निवड होते, स्पर्धा असते, आणि निवड झाली की विद्यावेतन तुम्हाला मिळतं. पोस्टरवाल्या योजनेत हेच नेमकं उलटं असतं.

पैसे भरण्याआधी हे विचारा

- वर्गात माझ्यासोबत कोण असेल? नाव आणि हुद्दा कळवा.
- माझ्या आधी तिथे कोण शिकवत होतं, मी गेल्यावर कोण शिकवणार?
- व्हिसा कोणता? 'टुरिस्ट म्हणून या, विमानतळावर शिकवायचं बोलू नका' असं कुणी म्हणालं, तर फोन तिथेच ठेवा. पकडले गेलात तर परत पाठवले जाल तुम्ही, कोऑर्डिनेटर नाही.
- फीमधला किती हिस्सा शाळेला जातो?
- शाळा माझ्याकडे पोलिस क्लिअरन्स मागणार आहे का?

शेवटचा प्रश्न उलटा वाटेल. कागद कमी लागले तर बरंच की! पण विचार करा, जी शाळा अनोळखी माणसाला काहीही न विचारता मुलांजवळ जाऊ देते, ती मुलांची काय काळजी घेत असेल? त्यामुळे पासपोर्ट सेवेतून मिळणारं पोलिस क्लिअरन्स, लागत असेल तर प्रमाणपत्रांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल आणि प्रवास विमा, या खर्चाला 'फालतू' म्हणू नका.

पोस्टरवर शाळेऐवजी 'अनाथाश्रम' असेल तर जास्तच सावध व्हा. पर्यटक आणि स्वयंसेवक येत राहावेत म्हणून मुलांना घरापासून तोडून संस्थांमध्ये ठेवल्याचे प्रकार नेपाळ, कंबोडियात उघड झालेत. अशा बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्याकडे बोट दाखवलं. आपला चांगला हेतू आणि आपली फी, दोन्ही मिळून कुणाचं तरी घर मोडत नाही ना, हे बघणं आपलंच काम आहे.

पण आमच्या कॉलेजात हे कोण करणार?

हा प्रश्न खरा आहे. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजचे कुठे आलेत परदेशी करार? तिथल्या मुलीला ते पोस्टर हेच एकमेव दार वाटतं. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. चूक कॉलेजांचीही आहे. एका प्राध्यापकाकडे ही जबाबदारी द्या, कोणत्या शाळेने उत्तर दिलं, कोण जाऊन आलं, किती खर्च आला याची एक फाइल ठेवा. एवढ्याने पुढच्या बॅचचं निम्मं काम होईल. याला करार लागत नाही, इच्छा लागते. कॉलेज करत नसेल तर तुम्ही पाचजण मिळून सुरू करा.

तोवर आणखी एक करता येईल. मेळघाटात कोरकू बोलणारी मुलं आहेत, अक्कलकुवा-धडगावला भिली आणि पावरी बोलणारी. तिथल्या आश्रमशाळेत दोन आठवडे पाठ घ्या. आपली भाषा न येणाऱ्या वर्गासमोर उभं राहिल्यावर आपल्या साध्या साध्या सूचनाही किती अवघड असतात ते कळतं. परदेशातल्या वर्गासाठी याहून चांगली तयारी नाही, आणि एसटीने जाता येतं!

मी शेवटी गेलेच. निकालानंतरच्या वर्षी, नेपाळला. १९५० च्या करारामुळे आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही; विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. त्यांचं शैक्षणिक वर्ष वैशाखात म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं, त्यामुळे आपल्या उन्हाळी सुट्टीत त्यांच्या शाळा भरलेल्या असतात. फळ्यावरची लिपी देवनागरीच. समजलं नाही तरी वाचता येतं! बाबांना कर्ज काढावं लागलं नाही. रेल्वे, बस आणि एका शिक्षिकेच्या घरची खोली यात भागलं.

पहिला आठवडा मागच्या बाकावर बसून काढला. दुसऱ्या आठवड्यात गुणोत्तराचा पाठ होता. टाचणात मी आपलं नेहमीचं, सरबतातल्या साखर-पाण्याचं उदाहरण लिहिलं होतं. तिथल्या गणिताच्या सरांनी त्यावर सरळ रेघ मारली आणि म्हणाले, "इनको पैसे का पूछिए." दुसऱ्या दिवशी मी विचारलं, भारतातले शंभर रुपये म्हणजे इथले किती? अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "एक सय साठी!" एकास एक पूर्णांक सहा दशांश. दुकानात रोज करतात ती पोरं हे गणित. माझ्यापेक्षा कितीतरी जलद.

ती लाल रेघ मारलेली टाचणवही मी जपून ठेवलीय. सर्टिफिकेट तिथे मिळालं नाही, शाळेच्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र मिळालं. नोकरीच्या मुलाखतीत मुख्याध्यापकांनी पत्राकडे नुसती नजर टाकली. वही मात्र दहा मिनिटं चाळली.

तर पुढच्या वेळी ग्रुपवर ते पोस्टर आलं की लगेच फॉर्म भरू नका. दिलेल्या नंबरवर फोन करा आणि आमच्या मॅडमचा प्रश्न विचारा. टाचण कोण तपासणार? समोरून एखाद्या शिक्षकाचं नाव आलं, तर पुढे बोला.