इंजिन चालू ठेवून झोपू नका



गेल्या अंकातील स्पितीच्या हिवाळी मोटारप्रवासावरचा लेख रंजक आहे; पण ‘थंडी वाजली तर इंजिन चालू ठेवून हीटर लावा आणि खुशाल झोपा’ हा त्यातला सल्ला जिवावर बेतणारा आहे. बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्याला कळतही नाही. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे गेली. त्यांपैकी काहींचा जीव थंडीने नव्हे, याच वायूने घेतला, असे तेव्हाच सांगितले गेले. गाडीत शेगडी किंवा गॅस पेटवणेही तितकेच घातक.

ऊब टिकवायची तर आधी खालून. पातळ गादी अंगाखाली दबते आणि तिच्यातली हवा निघून जाते, म्हणून आपले लोक वर चार रजया घेऊनही कुडकुडतात! खाली जाड फोमची चटई, वर उणे तापमानात चालणारी स्लीपिंग बॅग, पायाशी गरम पाण्याची पिशवी, डोक्याला कानटोपी. झोपण्यापूर्वी कोरडे कपडे घालावेत. काचांना आतून फोम लावावा, पण एक काच बोटभर उघडी हवीच, नाहीतर श्वासाची वाफ आत गोठून अंथरूण ओले होते. ‘गरम वाटते’ म्हणून घेतलेली रम तर अंगातली उष्णता उलट बाहेर घालवते.

पुढील अंकात कृपया ही दुरुस्ती ठळकपणे छापावी.

– एक वाचक, नाशिक