प्लेटलेटचा आकडा म्हणजे निदान नव्हे

गंभीर आजारी मुलाच्या रक्तातील प्लेटलेट घटल्या किंवा रक्त गोठण्यास लागणारा वेळ वाढला, की बाहेरून प्लेटलेट अथवा प्लाझ्मा देऊन तो आकडा पूर्ववत करणे हाच उपचार होय, असे मत नातेवाइकांत दृढ आहे आणि वैद्यकीय आचरणातही ते अधूनमधून डोकावते. गोंदियासारख्या जिल्ह्यात त्याला आणखी एक मत जोडले जाते: रक्तघटक मोठ्या शहरात सहज मिळतात, म्हणून असे मूल तातडीने नागपूरला रवाना केले की स्थानिक रुग्णालयाचे कर्तव्य संपले. ही दोन्ही मते एकाच गैरसमजातून निघालेली असल्याने त्यांचे परीक्षण एकत्र करणे योग्य ठरेल.

पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. प्लेटलेट या रक्तवाहिनीला पडलेले छिद्र प्रथम बुजवणाऱ्या सूक्ष्म पेशी असून त्यांचे प्रमाण सामान्यतः दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असते. ते फार खालावले तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती खरी असते. ज्या मुलाला प्रत्यक्ष मोठा रक्तस्राव होत आहे किंवा ज्याच्यावर शस्त्रक्रिया करायची आहे, त्याला रक्तघटक दिलेच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो रक्तस्राव नसलेल्या मुलाला केवळ अहवालाकडे पाहून ते देण्याविषयी.

या मतातील मूळ दोष असा की ते परिणामालाच कारण समजते. जंतुसंसर्ग सर्व शरीरभर पसरतो, तेव्हा रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते, गोठण्याची क्रिया जागोजागी सुरू होते, लहान वाहिन्यांत असंख्य सूक्ष्म गुठळ्या बनतात आणि त्या बनवण्यात प्लेटलेट व गोठणघटक खर्ची पडतात. वैद्यकात डीआयसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अवस्थेत म्हणूनच एकाच मुलाच्या मूत्रपिंडात गुठळ्या आणि हिरड्यांतून रक्त असे दोन्ही एकाच वेळी आढळू शकते. खर्चाचे कारण चालू असताना केवळ भरपाई करत राहणे म्हणजे बांध फुटलेल्या बांधीत पाणी सोडत राहणे होय.

प्रत्यक्ष चाचण्यांची साक्षही याच बाजूची आहे. गोठण्याच्या क्रियेवरच थेट घाव घालणारे ‘ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी’ हे औषध तीव्र जंतुसंसर्ग झालेल्या मुलांत उपयोगी पडत नाही, असे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले आणि 2011 मध्ये ते बाजारातूनच मागे घेतले गेले. अपुऱ्या दिवसांच्या 660 बाळांवरील, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत प्लेटलेट 50,000 च्या खाली जाताच त्या दिलेल्या गटात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव 26 टक्के बाळांत झाला, तर 25,000 पर्यंत थांबलेल्या गटात तो 19 टक्के राहिला. नवजात बाळांचा हा निष्कर्ष मोठ्या मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही. तथापि ‘दिले तर निदान अपाय तरी नाही’ हा युक्तिवाद त्यातून कोसळतो. मुलांच्या जंतुसंसर्गाविषयीच्या 2020 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही रक्तस्राव नसताना केवळ आकड्यावरून प्लेटलेट किंवा प्लाझ्मा देऊ नये, असेच सुचवतात.

डेंग्यूच्या दिवसांत हा गैरसमज सर्वाधिक महाग पडतो. पपईच्या पानांच्या रसापासून दात्यांच्या शोधापर्यंत घरच्यांची सारी धावपळ प्लेटलेटभोवती फिरते. परंतु डेंग्यूत मूल दगावते ते बहुधा वाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपून रक्तदाब कोसळल्यामुळे, आणि त्यावर उपाय आहे तो वेळेवर व मोजून दिलेले सलाईन. थंड पडलेले हातपाय, कमी झालेली लघवी, सततची उलटी आणि पोटदुखी ही चिन्हे प्लेटलेटच्या आकड्यापेक्षा अधिक बोलकी असतात.

आता दुसऱ्या मताकडे वळता येईल. धानाच्या शेतीच्या आणि जंगलाच्या या जिल्ह्यात घोणस किंवा फुरसे चावलेल्या मुलाचे रक्त गोठेनासे होते, कारण विष गोठणघटक संपवून टाकते. याचे निदान करण्यास महागडे यंत्र लागत नाही: कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या परीक्षानळीत दोन मिलिलिटर ताजे रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवावे आणि मग नळी तिरकी करावी, रक्त पातळच राहिले तर प्रतिविष द्यावे. सर्प लहानांना कमी विष देत नसल्याने प्रतिविषाची मात्रा मुलांनाही मोठ्यांइतकीच लागते. ही सोय सालेकसा किंवा देवरीच्या रुग्णालयात असताना प्रतिविषाविना मूल पुढे पाठवणे, हे उपचार लांबणीवर टाकणेच ठरते.

हीच गोष्ट इतर कारणांची. फाल्सिपेरम हिवतापात आर्टेसुनेट आणि जंतुसंसर्गाने रक्तदाब खालावलेल्या मुलाला तासाभरात प्रतिजैविकाची पहिली मात्रा, हे उपचार रुग्णवाहिका निघण्यापूर्वीच होऊ शकतात. जन्मतः दिलेले जीवनसत्त्व ‘के’चे एक इंजेक्शन नवजाताचा एक घातक रक्तस्राव जवळजवळ पूर्णपणे टाळते. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला जोडलेल्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयासारख्या संस्थांत हे सर्व नित्याचे असले पाहिजे. पुढे पाठवण्याला विरोध नाही. विरोध आहे तो उपचाराविना पाठवण्याला.

‘मग आकडे पाहूच नयेत काय?’ असा आक्षेप येईल. पाहावेत, पण मुलाच्या वयासह व स्थितीसह. नवजात बाळात जीवनसत्त्व ‘के’वर अवलंबून असणारे गोठणघटक प्रौढांच्या साधारण निम्मेच असतात, म्हणून प्रौढांच्या कसोटीने निरोगी बाळही आजारी ठरेल. तसेच मोठ्या शिरेत नळी घातलेल्या किंवा सिकलसेल असलेल्या मुलात धोका गुठळीचाही असतो, हे केवळ रक्तस्रावावर नजर ठेवणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

सारांश, रक्त गोठण्यातील बिघाड हा गंभीर आजारी मुलात बहुधा स्वतंत्र रोग नसून मूळ रोगाच्या तीव्रतेची सूचना असतो. ती मिळताच ‘रक्तपेढीत काय उपलब्ध आहे’ याआधी ‘हे कशामुळे घडले आणि त्या कारणावरचा उपचार सुरू झाला का’ हा प्रश्न विचारला जाईल, तर रक्ताची पिशवी खऱ्या गरजू मुलासाठी शिल्लक राहील आणि वेळही वाया जाणार नाही.