बाळ एक, वह्या दोन

आपल्या हुबळी-धारवाडात दवाखान्यांना तोटा नाही. हुबळीत पूर्वीचं किम्स आहे, धारवाडात डिमान्स, वाटेत सत्तूरला एसडीएम. समाजकार्य शिकवणारा विभाग कर्नाटक विद्यापीठात आहे. तरीपण एखाद्या वस्तीतल्या अशक्त बाळाकडे बघा. आशाताई घरी येतात, त्या आरोग्य खात्याच्या. अंगणवाडीच्या बाई वजन करतात, त्या महिला व बालविकास खात्याच्या. बाळ एक, वह्या दोन. आणि बाप दारू पितो, आई खचलीय, म्हणून बाळाचं वजन वाढत नाही, हे दोन्ही वह्यांत कुठंच नसतं.

‘प्रशिक्षणं होतात की!’ असं कुणी म्हणेल. होतात. पण तिथं वरचा सांगतो, खालचा ऐकतो. बैठकीत आकडे गोळा होतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आदेश येतात आणि फोटो जातात. ‘माझ्याकडे अशी एक बाई आहे, काय करू?’ हे विचारायला जागाच नसते. माझ्या मते खरी उणीव हीच आहे, डॉक्टरांची किंवा यंत्रांची नंतर.

अशी जागा आपल्याच भाषेच्या मुलखात, नगर जिल्ह्यातल्या जामखेडला तयार झाली होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली तिथं आले. आधी त्यांनी गावोगावी शिकलेल्या नर्स ठेवून बघितल्या, ते काही जमलं नाही. मग गावानं निवडलेल्या बायका घेतल्या. कित्येकींनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्या दर आठवड्याला जामखेडला जमायच्या. डॉक्टर शिकवायचे ते खरंच, पण आपल्या गावात काय घडलं हे प्रत्येकीनं सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, हेही शिक्षणच होतं. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. त्या काळात ही गोष्ट औषधापेक्षा अवघड होती! गावात शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं जोडीला असल्यामुळं पाणी, शेती, हागवण हे सगळं एकाच बोलण्यात यायचं. 1979 साली या जोडप्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडला सगळं एका संस्थेच्या छपराखाली होतं आणि आपल्याकडे खाती वेगळी, साहेब वेगळे, हे मला मान्य आहे. म्हणून जिल्हाभराची गोष्ट नकोच. एक प्राथमिक आरोग्य केंद्र घ्यावं. महिन्यातून एक दुपार तिथल्या आशाताई, अंगणवाडीच्या बाई, नर्स, मानसिक आरोग्याचं काम करणारं एखादं माणूस आणि समाजकार्याचे दोन विद्यार्थी यांनी बसावं. एकीनं एका घराची गोष्ट नाव न घेता सांगावी. त्या दुपारी कुणी अहवाल मागायचा नाही, एवढाच नियम.

यात आपल्या मंडळाचं काय काम, असं विचाराल. खानापूर, बेळगावकडून येणाऱ्या कित्येक पेशंटांना मराठीच येतं आणि वॉर्डात सगळा कारभार कन्नडात. दोन्ही भाषा बोलणारी मुलं आपल्यात भरपूर आहेत. त्यांनी तिथं बसून ऐकलं, उतरवून घेतलं, तर पुढच्या महिन्यात बोलायला काहीतरी हातात राहील.

एक प्रश्न मात्र आधी सोडवावा लागेल. आशाताईंची कमाई बरीचशी कामागणिक ठरते. त्या एका दुपारचे पैसे आणि बसभाडं कुणाच्या खात्यातून द्यायचं?