नमुना 4 मधली शेवटची ओळ

पेरूने 31 मे 2021 रोजी कोविड-मृत्यूंचा आकडा 69,342 वरून एकदम 1,80,764 वर नेला. तिथल्या तज्ज्ञ समितीने व्याख्या रुंदावून संशयित मृत्यूही धरले आणि लोकसंख्येच्या प्रमाणात पेरू जगात सर्वांच्या वर गेला. बेल्जियमने तर 2020 च्या पहिल्या लाटेतच वृद्धाश्रमांतले, चाचणी न झालेले संशयित मृत्यू मोजले होते.

खाटा, ऑक्सिजन, लोकसंख्येचे वय आणि यंत्रणेची तत्परता यांमुळे देशादेशांच्या मृत्यूंच्या आकड्यांत खरा फरकही पडतोच. 2014 मध्ये नायजेरियाने पोलिओची यंत्रणा इबोलाकडे वळवून 894 संपर्कांचा माग काढला आणि 20 रुग्ण, 8 मृत्यूंवर साथ थोपवली. पण खरा फरक कोणता आणि नोंदीचा कोणता, हे ओळखायला मृत्यूचे कारण मुळात लिहिलेले लागते.

भारतात 2020 मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय प्रमाणपत्र होते फक्त 22.5 टक्क्यांना. गोव्यात मात्र सगळ्यांना. आणि प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 4, असते तिथेही त्याच्या भाग 1 मध्ये ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडलेल्या! हृदय तर प्रत्येकाचेच थांबते. ते कशामुळे थांबले, हे त्या खालच्या ओळींतच यायला हवे.

वाचक-डॉक्टरांची तक्रार वेगळी आणि रास्त आहे. मूळ कारणापुढे ‘संशयित’ दिसले, की नोंदणी कार्यालयातून नमुना परत येतो. शेरा असतो, ‘पक्के कारण लिहा’. अहवालच नसेल तर पक्के कारण आणायचे कुठून? नमुना 4 डॉक्टरचे वैद्यकीय मत मागतो, प्रयोगशाळेचा दाखला नव्हे. चाचणीविना निदान झालेल्या कोविडसाठी जागतिक आरोग्य संघटनेने यू07.2 हा स्वतंत्र संकेतांक दिला, तो याचसाठी. हे नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाला कोणी शिकवलेले नाही आणि त्याच्या वरिष्ठांनाही त्याची फिकीर नाही.

याची किंमत कुटुंबांनी मोजली. गुजरातचा कोविड-मृत्यूंचा अधिकृत आकडा सुमारे 10 हजार असताना 50,000 रुपयांच्या भरपाईसाठी 68 हजारांहून अधिक दावे मंजूर झाले. चाचणीपासून 30 दिवसांतले मृत्यू धरण्याचा निकष आधीपासून लागू असता, तर कितीतरी घरांची वणवण टळली असती.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्म-मृत्यू नोंदणीच्या सुधारित कायद्याने प्रत्येक वैद्यकीय संस्थेवर कारणाचे प्रमाणपत्र विनामूल्य देण्याची, नातलगाला प्रत देण्याची सक्ती आहे. तरीही ‘कटकट नको’ म्हणून टाळणारे सहकारी आहेत. त्यांनी हे थांबवावे. निवासी डॉक्टरच्या हाती कोरा नमुना देण्याआधी युनिटप्रमुखांनी त्याला एकदा शेजारी बसवून तो भरून दाखवावा. आणि ज्यांचे नमुने परत आले, त्यांनी रुग्णाची ओळख झाकून त्यावरचे शेरे मासिकाकडे धाडावेत. ते एकत्र करून राज्याच्या मुख्य निबंधकांपुढे ठेवले जातील.